जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर : दुरुस्त करून ठेवावा की नवा घ्यावा?

मध्यलय :

घरात १९९० च्या आसपासचा जपानी इंटिग्रेटेड ॲम्प आहे. ८ ओहमला दर चॅनलला ६० वॅट, वजन नऊएक किलो, आत ई-आय (पत्र्यांच्या चौकोनी गाभ्याचा) ट्रान्सफॉर्मर. फोनो इनपुट (टर्नटेबलसाठीचं) आहे, रिमोट नाही. स्पीकर बुकशेल्फ, ६ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी. खोली गिरगावात, १० बाय १२ फूट. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, थोडं जॅझ. टर्नटेबल आणि फोन जोडलेले आहेत, आता टीव्हीही जोडायचा आहे.

तक्रारी अशा : कमी आवाजात डावा चॅनल मधूनच दबतो किंवा पार जातो, व्हॉल्यूम वाढवला की झटक्यात परत येतो. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखरतो. सेट-टॉप बॉक्सचा ऑडिओ जोडला की दोन्ही स्पीकरमधून घूं असा आवाज सुरू होतो. नव्या टीव्हीला मागे फक्त ऑप्टिकल आऊट आहे, तो या ॲम्पला जोडता येत नाही.

एका दुरुस्तीवाल्याचं मत 'आतले सगळे कॅपॅसिटर बदला', तर एका दुकानदाराचं 'एवढ्या जुन्यावर खर्च करू नका'. बजेट जास्तीत जास्त ५० हजार. माहितगारांनी सांगावं, निर्णय नेमका कशावर घ्यायचा? ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न त्या काळातल्या बहुतेक सेटना लागू आहे.

---

सोल्डरवाला :

पहिली तक्रार वाचूनच रोगाचं नाव सांगता येतं : स्पीकर रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच. सेट चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी 'टक' असा आवाज येतो, तो या रिलेचा. त्याच्या कॉन्टॅक्टवर वर्षानुवर्षांत ऑक्साइड-सल्फाइडचा पातळ थर बसतो. कमी आवाजात व्होल्टेज इतकं थोडं असतं की तो थर ओलांडला जात नाही. आवाज वाढवला की थर फुटतो आणि चॅनल परत येतो. समुद्राजवळच्या घरांत हे लवकर होतं.

पण खात्री केल्याशिवाय रिले काढू नका. याच लक्षणाचे आणखी दोन उमेदवार आहेत, टेप मॉनिटरचं बटण (टेप डेकचा आवाज निवडणारं) आणि स्पीकर ए/बी सिलेक्टर (स्पीकरची जोडी निवडणारा). आधी मागच्या बाजूला इनपुटची डावी-उजवी वायर अदलाबदल करा. दोष डावीकडेच राहिला तर तो सोर्समध्ये किंवा वायरमध्ये नाही. मग ॲम्पच्या मागे स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा, दोष दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर स्पीकर सुटला. आता चॅनल गेलेला असताना टेप मॉनिटरचं बटण हळूच हलवा, मग ए/बी सिलेक्टर. हलवल्याबरोबर आवाज आला तर दोष त्या बटणात आहे, तिथे कॉन्टॅक्ट क्लीनरने काम होतं. बटणं हलवून फरक नाही आणि व्हॉल्यूम वाढवल्यावरच येतो, तर रिले.

मोजून बघायचं तर फोनवरून १०० हर्ट्झचा सलग टोन लावा, स्पीकर जोडलेले असू द्या, टर्मिनलवर साधारण १ व्होल्ट एसी येईल इतका आवाज ठेवा. आता मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून रिलेच्या एकाच चॅनलच्या दोन कॉन्टॅक्ट पिनांमध्ये मोजा. चांगल्या रिलेवर जवळजवळ काहीच दिसत नाही, फार तर पाच-दहा मिलिव्होल्ट. शंभरच्या वर गेलं की रिले बाद. उघड्या सेटमध्ये मेन्सही उघडा असतो, त्यामुळे ज्याला सवय आहे त्यानेच हे करावं.

रिलेचं झाकण उघडून सँडपेपर मारण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. कॉन्टॅक्टवरचा मुलामा निघतो आणि काही महिन्यांत आधीपेक्षा वाईट अवस्था येते. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमधून ओढणं एवढंच चालतं, तेही तात्पुरतं. नवा रिले दोन-तीनशे रुपयांच्या घरात येतो. जुन्यावर छापलेलं कॉइल व्होल्टेज, बहुधा डीसी २४, कॉइलचा रेझिस्टन्स आणि पिनांची मांडणी जुळली पाहिजे. काही सेटमध्ये कॉइलच्या सिरीजला रेझिस्टर असतो. कॉइलचा रेझिस्टन्स वेगळा निघाला तर रिलेला कमी-जास्त व्होल्टेज मिळतं, मग तो नीट ओढत नाही किंवा तापतो.

---

तांत्रिक_ठाणे :

सगळ्यात आधी झाकण उघडून एकच गोष्ट बघा : हीटसिंकवर सुटे ट्रान्झिस्टर आहेत की एक लांबट काळा ठोकळा, ज्यावर 'एसटीके' आणि पुढे आकडा लिहिलाय? तो ठोकळा म्हणजे सॅन्योची हायब्रिड आयसी, पूर्ण आऊटपुट स्टेज एकाच पॅकिंगमध्ये. तिचं मूळ उत्पादन थांबलेलं आहे. बाजारात त्या नावाने जे मिळतं त्यातलं बरंचसं नकली असतं, आतल्या चिप लहान, जोर दिला की जातात. चालू एसटीके असेल तर वापरत राहा, पण जळालेल्या एसटीकेवर पैसे घालू नका. सुटे ट्रान्झिस्टर असतील तर कुठलाही दोष दुरुस्त होऊ शकतो, कारण पर्यायी नंबर मिळतात.

निर्णयाचा मोठा भाग इथेच होतो. वयाचा त्यात फारसा संबंध नाही.

---

मध्यलय :

झाकण उघडून बघितलं. हीटसिंकवर चार सुटे ट्रान्झिस्टर, दर चॅनलला एक जोडी. एसटीके नाही. दोन मोठे कॅपॅसिटर ६८०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे, वरचं टोक सपाट आहे, फुगलेलं नाही. त्यांच्या बुडाशी मात्र तपकिरी, कडक झालेला डिंकासारखा पदार्थ आहे. गळलंय का ते? वायर अदलाबदल केली, दोष डावीकडेच. बटणं हलवून फरक नाही.

---

सोल्डरवाला :

तो कॅपॅसिटरमधून गळलेला द्रव नाही. कारखान्यात भाग हलू नयेत म्हणून लावलेला गोंद आहे. नवा असताना फिकट पिवळा असतो, उष्णतेने तपकिरी होतो आणि मग दोन त्रास देतो : हवेतला ओलावा धरून किंचित वीज वाहू देतो, आणि शेजारच्या भागांचे पाय गंजवतो. त्या काळच्या जपानी सेटमध्ये हे सर्रास आढळतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तो आणखी त्रासदायक. बांबूची काडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घेऊन हळूहळू खरवडून काढा, राहिलेलं अल्कोहोलने मऊ करा. गोंदाखाली येणारे डायोड, रेझिस्टर, जंपर वायर यांचे पाय काळे-हिरवे झाले असतील तर ते भाग बदलाच. वरून ठीक दिसणारा पाय चिमट्याने हलवला की तुटून हातात येतो, असंही होतं.

हात घालण्याआधी मोठे कॅपॅसिटर रिकामे करा. मेन्सची पिन काढल्यावरही त्यांत ४०-४५ व्होल्ट टिकून राहू शकतात. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, पायांना इन्सुलेटेड क्लिप लावा आणि दर कॅपॅसिटरच्या दोन टोकांना मिनिटभर धरा. मग मल्टिमीटरने मोजून १ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. ठिणगीने ट्रॅक उडतो आणि कॅपॅसिटरच्या आतल्या जोडालाही धक्का बसतो.

आता तब्येत तपासणी. स्पीकर काढा, इनपुटला काही जोडू नका, व्हॉल्यूम शून्यावर. सेट दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून स्पीकर टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. हा डीसी ऑफसेट. ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० पर्यंत चालतं. १०० च्या वर गेला तर इनपुटची डिफरन्शियल जोडी (पहिले दोन ट्रान्झिस्टर) किंवा तिथला कॅपॅसिटर बघायला हवा. दोन्ही चॅनलचे आकडे इथे लिहा.

दुसरं मोजमाप बायस, म्हणजे आवाज नसताना आऊटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट. ट्रान्झिस्टरजवळ पांढरे सिमेंटचे रेझिस्टर दिसतील, बहुधा ०.२२ ओहमचे. एकाच्या दोन टोकांमध्ये १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४५ मिलिॲम्पिअर. बरोबर आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने ट्रिमर (बायस लावायचा, स्क्रूड्रायव्हरने फिरणारा छोटा रेझिस्टर) फिरवू नका. मल्टिमीटरचं टोक घसरून ट्रान्झिस्टरच्या दोन पिना क्षणभर जरी जोडल्या गेल्या तरी ती जोडी जाते. म्हणून सेट बंद असताना क्लिपा लावा, मग चालू करा, आणि हात बाहेर ठेवा.

बायसचे ट्रिमर स्वतःच जुने होतात हे बरेच जण विसरतात. उघड्या कार्बनच्या ट्रिमरवर मधला कॉन्टॅक्ट सुटला तर अनेक सर्किटमध्ये करंट एकदम वाढतो आणि ट्रान्झिस्टर जळतात. दोन ट्रिमरची किंमत चहाएवढी. रिले बदलताना तेही बदला.

---

लॅमिंग्टन_फेरी :

सुट्या भागांबद्दल. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला रिले, ट्रिमर, रेझिस्टर, हीटसिंकची पेस्ट, अभ्रकाच्या चकत्या, फ्यूज, स्पीकरचे टर्मिनल हे सगळं निर्धास्त घ्या. जुना भाग खिशात घालून न्या आणि काउंटरवर शेजारी ठेवून पिना जुळवा.

कॅपॅसिटर आणि पॉवर ट्रान्झिस्टरच्या बाबतीत मात्र जपून. नामांकित जपानी कंपनीचं वेष्टन चढवलेला साधा कॅपॅसिटर आणि २एससी५२०० / २एसए१९४३ चे नकली तुकडे सर्रास मिळतात. ओळखायच्या खुणा : अक्षरं बोटाने किंवा ॲसिटोनने पुसली जातात, एकाच पाकिटातल्या तुकड्यांवर बॅच नंबर वेगवेगळे, पायांचं कथील निस्तेज, आणि भाव संशय येण्याइतका कमी. हे दोन प्रकार माउझर, डिजी-की किंवा एलिमेंट१४ वरून मागवा. पार्सलचा खर्च एकट्याला परवडत नाही, तेव्हा दोन-तीन जणांनी मिळून ऑर्डर करायची.

चोरबाजारातून दुसरा ॲम्प घ्यायचा विचार असेल तर आधी मागचं लेबल वाचा. जपानच्या देशांतर्गत बाजारातला सेट १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की संपला. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर किमान ५०० व्हीएचा लागतो, आणि फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला अमेरिकन सेट आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. काही सेटना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, त्यांना ही अडचण नाही.

---

मध्यलय :

लेबलवर २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलंय. घरी मीटरवर २३८ दिसतात. हे जास्त होतात का?

---

तांत्रिक_ठाणे :

आठ टक्के जास्त. ट्रान्सफॉर्मरनंतरचं डीसीही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे ±४२ चं ±४५ होतं. तुमचे मोठे कॅपॅसिटर ५० व्होल्टचे आहेत, म्हणून चालून जातं, पण बदलायची वेळ आली तर ६३ व्होल्टचेच टाका. क्षमता मात्र ६८०० च ठेवा, फार तर १०,०००. 'दुप्पट टाका, बेस वाढेल' असं सांगतात. वाढतो तो चालू करतानाचा करंटचा झटका, आणि फ्यूज-रेक्टिफायर जातात.

सगळे कॅपॅसिटर सरसकट बदलायच्या मी विरोधात आहे. ३५ वर्षांत आधी सुकतात ते हीटसिंकच्या किंवा गरम रेझिस्टरच्या शेजारचे छोटे, १० ते १०० मायक्रोफॅरडचे, आणि प्रोटेक्शन सर्किटमधले. मोठ्यांची अवस्था सेट नुसता चालू असताना त्यांच्या टोकांवरच्या एसी मिलिव्होल्टवरून कळते. दोन्ही बाजूंना साधारण सारखे आणि काही दहांच्या घरात असतील तर राहू द्या. एका बाजूला दुप्पट दिसले तर जोडी बदला. छोटे बदलताना १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे घ्या, पायांतलं अंतर जुळवा, ध्रुवीयता फोटो काढून ठेवा, आणि एका वेळी एकच चॅनल करा. दुसरा चॅनल तुलनेला शाबूत राहतो, चूक झाली तर लगेच सापडते.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना सेट सिरीज बोर्डवर लावा, ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब मेन्सच्या सिरीजला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही.

---

अनुजा_मा :

टीव्हीची घूं आणि ऑप्टिकल हे दोन्ही प्रश्न एकाच छोट्या डब्याने सुटतात, त्यासाठी ॲम्प बदलायची गरज नाही.

घूं कुठून येते ते आधी सिद्ध करा. सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची गोल पिन काढा. आवाज थांबला तर तो अर्थ लूप : केबलवाल्याची वायर इमारतीत कुठेतरी अर्थ झालेली असते, आणि ऑडिओ वायरच्या जाळीतून ॲम्पपर्यंत करंट वाहतो. यावर उपाय म्हणून कुठल्याही उपकरणाच्या प्लगची अर्थ पिन काढू नका, ते जिवावर बेतू शकतं. ऑप्टिकल वायरमधून वीज जातच नाही, तेव्हा टीव्हीपासून ऑप्टिकलने साध्या डॅकला (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा) आणि डॅकमधून आरसीएने (लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीने) ॲम्पच्या सीडी किंवा ऑक्स इनपुटला जोडलं की लूप तुटतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आऊट 'पीसीएम' (साधा दोन चॅनलचा डिजिटल आवाज) वर ठेवा. 'बिटस्ट्रीम' किंवा 'डॉल्बी' वर राहिलं तर दोन चॅनलचा डॅक गप्प बसतो किंवा नुसता कर्कश आवाज देतो, आणि लोक डॅक खराब म्हणून परत पाठवतात. डॅक घेताना रिमोटवर व्हॉल्यूम असलेला निवडा. बऱ्याच टीव्हींचा ऑप्टिकल आऊट एकाच पातळीचा असतो, टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होत नाही.

आणखी एक तिढा हमखास येतो. डॅक पूर्ण पातळीला २ व्होल्ट देतो, तर त्या काळच्या ॲम्पच्या इनपुटला पूर्ण आवाजासाठी १५० मिलिव्होल्ट पुरतात. हा फरक २२ डीबीहून जास्त आहे. मग नॉब घड्याळातल्या आठच्या जागी, म्हणजे अगदी सुरुवातीला असतानाच आवाज मोठा होतो, आणि नॉबच्या त्या टोकाला डावा-उजवा ट्रॅक सारखा चालत नाही, एक बाजू दबलेली वाटते. डॅकच्या रिमोटने कायम १० डीबी उणे ठेवा, किंवा वायरमध्ये दर चॅनलला सिरीजला १० किलोओहम आणि त्यानंतर सिग्नल ते ग्राउंड ४.७ किलोओहम असे दोन रेझिस्टर टाका. साधारण १० डीबी कमी होतं आणि नॉब मधल्या पट्ट्यात वापरता येतो.

नवाच घ्यायचा तर काय मिळतं, तेही बघू. यामाहा ए-एस३०१ : ८ ओहमला ६० वॅट, फोनो आणि ऑप्टिकल आहे. मरँट्झ पीएम६००७ : ४५ वॅट, फोनो आणि ऑप्टिकल आहे. विम ॲम्प : ८ ओहमला ६० वॅट, टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी, वायफाय, सबवूफर आऊट आणि फोनच्या माइकने खोलीची दुरुस्ती, पण फोनो नाही, टर्नटेबलसाठी वेगळी फोनो स्टेज घ्यावी लागेल. म्हणजे पॉवर वाढत नाही, सोयी वाढतात. त्या सोयींची घरात किती गरज आहे, ते तुम्हीच ठरवू शकता.

---

मंद्रसप्तक :

पॉवरचा हिशेब एकदा मांडतो, कारण दुकानात बोलणं तिथेच जाऊन अडकतं. ८६ डीबीचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ डीबी देतो. २ मीटरवर ६ डीबी घटतात, दुसरा स्पीकर ३ डीबी परत देतो, म्हणजे बैठकीच्या जागी साधारण ८३, भिंतींमुळे थोडं जास्तच. घरात सरासरी ८० डीबी हा बऱ्यापैकी मोठा आवाज, त्याला अर्धा वॅट लागतो. तबल्याची थाप किंवा ड्रमचा फटका सरासरीपेक्षा १५ डीबी वर गेला तरी १६ वॅट. ६० मध्ये भरपूर जागा उरते. ६० वरून १०० वॅटवर गेलात तर २.२ डीबी वाढतात, जेमतेम जाणवेल इतके. आवाज दुप्पट वाटायला १० डीबी, म्हणजे दहापट पॉवर लागते.

त्याऐवजी खोली बघा. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झला आणि १२ फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झला गुंजन होतं. स्पीकर कोपऱ्यात असतील तर डग्ग्याची घुमार एका स्वरावर फुगते आणि तानपुऱ्याचा खर्ज गढूळ ऐकू येतो. कुठलाही ॲम्प ते बदलू शकत नाही. स्पीकर कोपऱ्यातून निदान दीड-दोन फूट बाहेर घ्या, मागच्या भिंतीपासूनचं आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर सारखं ठेवू नका, ट्विटर कानाच्या उंचीला आणा. बसण्याची जागा मागच्या भिंतीला चिकटलेली नको. ५० हजारांचं बजेट असेल आणि आवाज खरंच बदलायचा असेल तर पैसे स्पीकरमध्ये घाला.

वायरींवरही फार खर्च नको. ३ मीटरच्या स्पीकर वायरला इलेक्ट्रिकच्या दुकानातली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची फ्लेक्झिबल वायर घेतली तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०५ ओहमच्या आत राहतो.

---

अंधेरी_पश्चिम :

वेगळं मत मांडतो. हिशेब सगळे बरोबर आहेत, पण दुरुस्ती करणारा माणूस कुठून आणायचा? सर्व्हिस मॅन्युअल वाचून बायस लावणारे कारागीर मुंबईतही कमी होत चाललेत. बहुतेक ठिकाणी सेट आठवडे पडून राहतो, आणि बाहेर येतो तेव्हा स्क्रू कमी असतात. जुना क्लास एबी (नेहमीच्या जुन्या पद्धतीचा) ॲम्प नुसता चालू असतानाही ३०-४० वॅट खातो. ४० वॅट, रोज पाच तास, म्हणजे महिन्याला ६ युनिट. क्लास डी (नव्या, स्विचिंग पद्धतीचा) ॲम्प त्याच्या एका अंशात भागवतो आणि लहान खोलीत उष्णताही करत नाही. रिमोट, टीव्हीबरोबर आपोआप चालू-बंद, वॉरंटी, ही रोजची सोय आहे. घरात ज्येष्ठ माणसं सेट वापरणार असतील तर मी नव्याच्या बाजूने मत देईन, आणि जुना चालू अवस्थेत असताना योग्य माणसाला विकून टाकेन.

---

सोल्डरवाला :

@अंधेरी_पश्चिम, कारागिराचा मुद्दा अगदी रास्त आहे. म्हणून काम लिहून द्यावं : रिले बदलणे, दोन ट्रिमर बदलणे, गोंद काढणे, ड्राय सोल्डर (सैल झालेले जोड) पुन्हा करणे, ऑफसेट आणि बायसचे आधीचे-नंतरचे आकडे लिहून देणे, काढलेले भाग परत करणे. 'सर्व्हिसिंग' असा एकच शब्द लिहिलेलं बिल घेऊ नये. जो आकडे द्यायला तयार नाही, त्याला सेट देऊ नका.

बाकी एसटीके नसलेला, ट्रान्सफॉर्मर शाबूत असलेला, फोनो स्टेज चांगली असलेला सेट रिलेपायी काढून टाकणं मला पटत नाही. सुट्या भागांचा खर्च, छोटे कॅपॅसिटर धरूनही, दोन-अडीच हजारांच्या आत बसतो.

---

तांत्रिक_ठाणे :

कोणाकडून नवा ॲम्प उसना आणून तुलना करणार असाल तर दोन गोष्टी पाळा.

पातळी जुळवा. १०० हर्ट्झचा टोन लावून दोन्ही ॲम्पचं स्पीकर टर्मिनलवरचं एसी व्होल्टेज सारखं करा, फरक २ टक्क्यांच्या आत, म्हणजे १.०० व्होल्टला ०.९८ ते १.०२. तेवढा फरक ०.१७ डीबी होतो. पातळी न जुळवता ऐकलं तर किंचित मोठा वाजणारा ॲम्प 'जास्त खुला' वाटतो आणि तिथेच चुकीची खरेदी होते. टोन १०० हर्ट्झचाच घ्या, कारण स्वस्त मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर नीट वाचत नाहीत.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. बाजारातल्या बऱ्याच क्लास डी ॲम्पचे, उदाहरणार्थ टीपीए३२५५ चिपवरचे, आऊटपुट ब्रिज जोडणीचे असतात, त्यांची काळी बाजू ग्राउंड नसते. दोन ॲम्पच्या काळ्या वायरी एकत्र बांधून फक्त लाल वायरी बदलणारा स्विच लावला तर ॲम्प जाऊ शकतो. लाल-काळ्या दोन्ही, दोन्ही चॅनलच्या, म्हणजे चार पोलचा स्विच हवा, आणि तो आधी सोडून मग जोडणारा हवा. नसेल तर सेट बंद करून वायरी हाताने बदला.

जाहिरातीतला '३०० वॅट' हा आकडा बहुधा ४ ओहमला किंवा त्याहून कमी लोडला आणि १० टक्के विकृतीला असतो. ८ ओहमला, १ टक्क्याच्या आत किती, तो आकडा शोधा.

---

मध्यलय :

आकडे घेतले. ऑफसेट डावा १४, उजवा २२ मिलिव्होल्ट. मोठ्या कॅपॅसिटरवर एसी ३८ आणि ४१ मिलिव्होल्ट. १ व्होल्टच्या टोनला रिलेवर उजवीकडे ६ मिलिव्होल्ट, डावीकडे १८० आणि आकडा नाचतो. सेट-टॉप बॉक्सची केबल काढली की घूं थांबते. गोंदाखाली एका डायोडचा पाय काळा पडलाय.

सेट ठेवतोय. रिले, ट्रिमर, तो डायोड, छोटे कॅपॅसिटर आणि ऑप्टिकलसाठी रिमोटवाला डॅक एवढंच. उरलेलं बजेट स्पीकरसाठी. एक राहिलं : व्हॉल्यूमची खरखर. बाजारातला साधा स्प्रे मारू का?

---

सोल्डरवाला :

ऑफसेट आणि मोठे कॅपॅसिटर दोन्ही व्यवस्थित आहेत, त्यांना हात लावू नका. रिलेचं निदान पक्कं झालं.

व्हॉल्यूमला डब्ल्यूडी-४० किंवा नुसता जलद सुकणारा क्लीनर मारू नका. तो आतलं ग्रीस धुऊन टाकतो, नॉब सैल आणि रखरखीत फिरू लागतो. कार्बन ट्रॅकसाठी वंगण असलेला क्लीनर घ्या, डीऑक्सिटचा 'एफ' मालिकेतला चालतो. सेट बंद, पिन काढलेली. पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) पायांजवळच्या फटीत नळी घालून अर्धा सेकंदाचे दोन फवारे, जास्त नाही. मग नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा, अर्धा तास उघडा ठेवा. बॅलन्स आणि टोनच्या नॉबनाही हेच करा. त्यानंतरही खरखर राहिली तर पॉटच्या मधल्या पायावर डीसी मोजा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पॉटच्या आधीचा कपलिंग कॅपॅसिटर डीसी गळू देतोय. तो बदलला की खरखर थांबते.

बायस लावताना नवे ट्रिमर आधी कमीत कमी करंटच्या टोकाला ठेवा. ते टोक कुठलं, हे जुना ट्रिमर काढण्याआधी मल्टिमीटरने ओहम मोजून आणि मॅन्युअलमधलं सर्किट बघून नक्की करा. सिरीज बोर्डवर चालू करून बल्ब मंद झाला की थेट मेन्सवर या, हळूहळू आकडा वर आणा, झाकण ठेवून वीस मिनिटं गरम होऊ द्या आणि पुन्हा मोजा. झाकण घातल्यावर हीटसिंक जास्त तापतो आणि आकडा सरकतो, म्हणून शेवटची जुळणी गरम सेटवरच.

---

लॅमिंग्टन_फेरी :

पावसाळा संपेपर्यंत सेट बंद कपाटात ठेवू नका. वर किमान चार इंच मोकळी जागा, आठवड्यातून दोनदा तासभर चालू. रिकाम्या आरसीए सॉकेटना प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, त्या घाला. रिले घ्यायला जाताना एकाच वेळी दोन घ्या, तीच पिनांची मांडणी पुढच्या खेपेला मिळेल याचा भरवसा नसतो.